मौनाची मुदत : वकिली सोडून परराष्ट्रसेवेत येणाऱ्यांसाठी

न्यायालय सोडून परराष्ट्र खात्यात यावे का, आणि आल्यावर पहिली दोन-तीन वर्षे कशी निभवावीत, हे विचारणारी पत्रे मला आता वरचेवर येतात. विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच, मॉरिशसमधल्या मराठी घरांतले तरुण वकील असतात; काही पुण्या-मुंबईच्या विधी महाविद्यालयांतले विद्यार्थीही असतात. प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिताना माझ्या ध्यानात आले की मी फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतो, ती म्हणजे मौन कार्यपद्धती, जिच्यात मुदतीच्या आत लेखी हरकत न घेणे हाच होकार धरला जातो, आणि ती गोष्ट मला स्वतःला कोणीही वेळेवर सांगितली नव्हती. ती येथे सविस्तर लिहितो आणि बाकीचे तिच्या अनुषंगाने जेवढे येईल तेवढे.

आमचे पूर्वज कोकणातून मॉरिशसला आले. घरात क्रिओल, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच, आणि मराठी ही शाळेतल्या एका तासाची, आजीच्या आरत्यांची आणि गणेश चतुर्थीची भाषा. त्या दिवशी आमच्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कायदा मी शिष्यवृत्तीवर पुण्यात शिकलो आणि हातात लेखणी धरण्याइतकी मराठी मला तेथेच आली. परत गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, कारण आमचा दिवाणी कायदा फ्रेंच संहितेवर उभा आहे, सार्वजनिक कायदा आणि न्यायालयीन कार्यपद्धती इंग्रजी वळणाची आहे आणि शेवटचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. बारची परीक्षा दिली, एका ज्येष्ठांच्या हाताखाली उमेदवारी केली, राजधानी पोर्ट लुईसच्या न्यायालयांत सहा वर्षे काळा झगा घातला आणि मग सेकंड सेक्रेटरी म्हणून परराष्ट्र खात्यात रुजू झालो. लोकसेवा आयोगाची जाहिरात, पात्रता, मुलाखत यांवर मी शब्द खर्च करत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहेच.

भारतातल्या विद्यार्थ्यांनी एवढे मात्र लक्षात ठेवावे की त्यांची वाट वेगळी आहे. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयात विधी आणि करार यांसाठी स्वतंत्र विभाग आहे, तेथे कायद्याची माणसे कायद्याचेच काम करतात आणि वाटाघाटी करणारा अधिकारी त्यांचा सल्ला घेतो. आमच्याकडे सल्ला देणारा आणि सल्ला घेणारा पुष्कळदा एकाच खुर्चीत बसलेला असतो. सव्वाबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या आणि 2,040 चौरस किलोमीटर जमीन असलेल्या देशाला न्यूयॉर्कच्या दूतावासात मोजकेच अधिकारी ठेवता येतात, पण संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या मुख्य समित्या आमच्यासाठीही सहाच असतात आणि त्या एकाच वेळी भरतात.

या वाटेवर येणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी टॉमी कोह यांचे नाव सांगतेच. सिंगापूरचे हे कायद्याचे प्राध्यापक 1968 मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी संयुक्त राष्ट्रांत आपल्या देशाचे स्थायी प्रतिनिधी झाले, आणि सागरी कायद्याच्या तिसऱ्या परिषदेचे अध्यक्ष, श्रीलंकेचे हॅमिल्टन शर्ली अमरसिंघे, 1980 च्या डिसेंबरात निवर्तल्यावर 1981 पासून ती परिषद त्यांनी शेवटास नेली. 10 डिसेंबर 1982 रोजी जमैकातल्या माँटेगो बे येथे सह्या झालेल्या त्या कराराला त्यांनी महासागरांची राज्यघटना म्हटले. तरुण वकील हे ऐकतात आणि त्यातून एवढेच घेतात की तिसाव्या वर्षी राजदूत होता येते. मला हे वाचन फार घातक वाटते. कोह 1971 मध्ये न्यूयॉर्कहून परतले, तीन वर्षे विधी शाखेचे अधिष्ठाता म्हणून वर्गात उभे राहिले आणि 1974 मध्ये पुन्हा त्याच खुर्चीवर गेले. आधी काही वर्षे केलेल्या कामाकडे दुरून पाहायला मिळाले आणि मग ते पुन्हा हाती आले, असा योग फार थोड्यांना लाभतो. विशेष म्हणजे त्या तीन वर्षांत त्यांच्या जागी गेलेले एस. जयकुमार हेही कायद्याचेच प्राध्यापक होते आणि परत येऊन तेही अधिष्ठाता झाले. नव्या, लहान देशाला माणसे कमी होती म्हणून ही अदलाबदल घडली. लहान देश तुमच्या हाती मोठे काम लवकर देतो. तुम्ही तयार आहात की नाही हे तपासायला त्याच्याकडे वेळ नसतो. हे आधी समजून घ्या आणि मगच अर्ज भरा.

आता ती गोष्ट.

न्यूयॉर्कमध्ये माझे ते पहिलेच सत्र होते. ऑक्टोबर महिना, समित्यांचे काम ऐन भरात, माझ्याकडे दोन समित्या आणि त्यांतल्या एकीतल्या एका ठरावाची अनौपचारिक बोलणी. ठरावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्याच्या चौदाव्या परिच्छेदात लहान बेटराष्ट्रांना निधी मिळवण्याची पद्धत सोपी करावी, असे एक वाक्य होते. आमच्या दृष्टीने अख्ख्या ठरावात कामाचे तेवढेच होते. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी बोलण्यांचे सूत्रसंचालन करणाऱ्या राजनयिकाचा ईमेल आला. सुधारित मसुदा सोबत होता आणि खाली दोन ओळी होत्या : मसुदा मौन कार्यपद्धतीखाली ठेवला आहे, मुदत उद्या शुक्रवार सकाळी दहा वाजेपर्यंत. मसुदा उघडला तर चौदाव्या परिच्छेदात ‘सोपी करावी’च्या जागी ‘योग्य असेल तेथे सोपी करण्याचा विचार करावा’ असे शब्द आले होते.

मी ते लगेच पाहिले, हे मुद्दाम सांगतो. माझ्याकडून वाचण्यात हयगय झाली नाही. मी तासाभरात पोर्ट लुईसला टिपण पाठवले, जुने आणि नवे वाक्य समोरासमोर मांडले आणि सूचना मागितल्या. त्या वेळी तिकडे शुक्रवारची पहाट होती. आमचे घड्याळ न्यूयॉर्कच्या आठ तास पुढे असते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे मागे गेली की नऊ तास. म्हणजे सत्राच्या मधोमध हा हिशेब बदलतो. तिकडचे कार्यालय उघडले, माझे टिपण योग्य टेबलावर गेले आणि शुक्रवारी सकाळी आठच्या आधीच उत्तर माझ्या फोनवर आले : नवे शब्द मान्य नाहीत, हरकत घ्यावी. उत्तर वेळेवर आले होते आणि ते स्पष्ट होते.

आणि मी थांबलो. त्याच दिवशी दुपारी तीन वाजता त्या ठरावाची बैठक वेळापत्रकात लागलेली होती. सहा वर्षे न्यायालयात काढलेल्या माणसाला हरकत कोठे घ्यायची हे शिकवावे लागत नाही. हरकत सुनावणीत, समोरच्याच्या उपस्थितीत, उभे राहून घ्यायची. मी सकाळभर बसून तिचा युक्तिवाद तयार केला. ‘योग्य असेल तेथे’ हे कोणी ठरवायचे, ‘विचार करावा’ याने कोणावर काय बंधन येते, पूर्वीच्या ठरावांत कोणते शब्द होते, सारे मुद्दे कागदावर उतरवले. मुदतीची ओळ मी वाचली होती, पण तिचा अर्थ मी वकिलासारखा लावला. प्रतिपक्षाच्या वकिलाने पत्र पाठवले की उद्या दुपारपर्यंत तुमचे उत्तर न आल्यास आमच्या अटी मान्य आहेत असे आम्ही समजू, तर आपण ते पत्र फाईलला लावतो आणि स्वस्थ बसतो, कारण कराराच्या कायद्यात गप्प राहणे म्हणजे स्वीकार नव्हे. पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकलेला हा नियम माझ्या इतका अंगवळणी पडला होता की दुसरीकडे नियम उलटा असू शकेल, हे मनात आले नाही.

दहा वाजून चार मिनिटांनी दुसरा ईमेल आला. मौन कोणीही तोडले नाही, सर्व प्रतिनिधिमंडळांचे आभार, मसुद्यावर सहमती झाली असून दुपारची बैठक रद्द करण्यात येत आहे. माझ्यासमोर टेबलावर साडेतीन पाने युक्तिवाद होता आणि तो करायला जागा उरली नव्हती.

मी धावत जाऊन सूत्रसंचालकांना गाठले. ते रागावले नाहीत, उलट फार सौम्यपणे बोलले. दहाच्या आधी एका ओळीचा ईमेल आला असता तर मी स्वतःच मुदत वाढवली असती, असे ते म्हणाले. ते ऐकून जास्त वाईट वाटले. आता मसुदा पुन्हा उघडायचा तर बाकी सर्वांची संमती हवी होती, आणि ज्यांनी ते शब्द घालून घेतले होते ते ती का देतील? ठराव तसाच संमत झाला. संमत झाल्यावर मी आमच्या भूमिकेचे स्पष्टीकरण वाचून दाखवले, ते नोंदीत आहे आणि परिच्छेदातले शब्दही जसेच्या तसे आहेत. दुसऱ्या एका बेटराष्ट्राची सहकारी त्या संध्याकाळी मला म्हणाली की त्यांच्या दूतावासात या समितीसाठी माणूसच नव्हता, तुम्ही पाहत आहात म्हणून आम्ही निश्चिंत होतो. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून हे नीट समजून घ्या, मला दोनदा सांगावे लागले तरी चालेल. मौन कार्यपद्धतीत तुम्ही काही बोलला नाहीत तर तुम्ही होकार दिलात. तुम्ही सही केली नाही, मान हलवली नाही, बैठकीला गेला नाहीत, तुमच्या सरकारने नकार कळवला होता, यांतल्या कशालाही अर्थ नाही. मुदत संपण्यापूर्वी लेखी शब्द पोहोचला पाहिजे, बस. त्या शब्दासोबत युक्तिवाद लागत नाही. ‘चौदाव्या परिच्छेदाबाबत आमच्या राजधानीच्या सूचनांनुसार आम्हाला मौन तोडावे लागत आहे, पर्यायी शब्द लवकरच पाठवतो’ एवढे एक वाक्य पुरते. राजधानीचे उत्तर आलेच नसेल तर ‘सूचनांची प्रतीक्षा आहे, मुदत चोवीस तास वाढवावी’ अशी विनंती करा, आणि तीही मुदतीच्या आत करा. मुदतवाढ मागण्यात कमीपणा नाही. मोठ्या देशांचे प्रतिनिधीसुद्धा ती मागतात, आणि त्यांच्याकडे तर तुमच्या दसपट माणसे असतात.

आणखी एक. मौन एकट्याने तोडायचा प्रसंग शक्यतो येऊ देऊ नका. लहान बेटराष्ट्रांच्या आघाडीत, आफ्रिकी गटात, विकसनशील देशांच्या जी-77 गटात तुमच्यासारखीच अडचण असलेले कोणीतरी असतेच. रात्रीच त्यांना निरोप द्या. दोन-तीन देशांनी मिळून मौन तोडले तर मसुद्यात काही खरेच चुकले आहे असे मानले जाते. एकटे पडलात तर तुमच्यावर दबाव येतो, दूतावासाला फोन येतात, कधी थेट राजधानीला. पण एकटे पडायची वेळ आलीच आणि सूचना स्पष्ट असल्या तर तोडा. लोक दोन दिवस नाराज राहतात आणि पुढच्या आठवड्यात कॉफीला बोलावतात.

राजधानीला टिपण लिहिण्याची पद्धतही मी तेव्हापासून बदलली. पूर्वी मी वकिली मतासारखे लिहीत असे. पार्श्वभूमी, मुद्दे, दोन्ही बाजू आणि शेवटी नम्र अभिप्राय. आता पहिल्या ओळीत मुदत लिहितो, आमच्या वेळेनुसार आणि त्यांच्या वेळेनुसार दोन्ही. दुसऱ्या ओळीत प्रश्न असतो, ज्याचे उत्तर हो किंवा नाही असेच देता येईल. तिसऱ्या ओळीत उत्तर न आल्यास मी काय करणार हे असते : ‘आपल्या वेळेनुसार सायंकाळी साडेपाचपर्यंत सूचना न मिळाल्यास मी मौन तोडीन.’ ही तिसरी ओळ लिहायला नवीन माणसाला धीर होत नाही, वरिष्ठांना अट घातल्यासारखे वाटते. तसे कोणी मानत नाही. टेबलावर वीस कागद असलेल्या अधिकाऱ्याला ती ओळ हवीच असते.

गंमत अशी की आंतरराष्ट्रीय कायदा शिकताना मी हाच नियम परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. प्रेआ विहार मंदिराचा 1962 चा निकाल तुम्ही वाचला असेल. फ्रेंच अधिकाऱ्यांनी काढलेल्या नकाशात मंदिर कंबोडियाच्या बाजूला दाखवलेले होते, सयामने, म्हणजे आजच्या थायलंडने, तो नकाशा घेतला, वर्षानुवर्षे हरकत घेतली नाही, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्या गप्प राहण्याला मान्यतेचा अर्थ दिला. पेड्रा ब्रांका या खडकाचा मलेशिया आणि सिंगापूर यांच्यातला खटला 23 मे 2008 रोजी सिंगापूरच्या बाजूने लागला, त्यातही 1953 चे जोहोरचे एक पत्र आणि नंतरच्या काळातले गप्प राहणे निर्णायक ठरले. सिंगापूरच्या बाजूने तेथे हेच कोह आणि हेच जयकुमार उभे होते. मौनं संमतिलक्षणम् हे तर आपल्याकडे पोरासोरांना पाठ असते. देशादेशांमध्ये मौनाला वजन असते हे मला ग्रंथातून माहीत होते, पण शुक्रवारी सकाळी दहा वाजता ते मलाच लागू आहे, हे ग्रंथाने सांगितले नव्हते.

आमच्या देशाला तर हा धडा फार मोठ्या किमतीला मिळालेला आहे. 8 नोव्हेंबर 1965 रोजी, स्वातंत्र्याच्या सुमारे सव्वादोन वर्षे आधी, ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडली आणि पुढे तेथल्या रहिवाशांना हलवून दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ उभा राहिला. नंतरच्या वादात ब्रिटनने वारंवार हेच मांडले की मॉरिशसने संमती दिली होती आणि स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे आवाज उठवला नव्हता. म्हणून आमच्या खात्यात नवीन आलेल्या प्रत्येकाने चागोसच्या जुन्या फाईली वाचाव्यात, असे माझे ठाम मत आहे. कोणत्या वर्षी कोणते पत्र गेले, कोणत्या भाषणात एक वाक्य घातले गेले, कोणत्या ब्रिटिश अधिसूचनेला निषेधाची नोंद पाठवली, हे पाहताना कळते की ज्याला आपण रटाळ कारकुनी समजतो तो निषेधाचा कागद तीस वर्षांनी पुरावा म्हणून उभा राहतो.

त्या प्रकरणात वकील आणि राजनयिक यांचे काम एकमेकांत कसे गुंफलेले असते तेही दिसते. सागरी कायद्याच्या कराराखालच्या लवादाने 18 मार्च 2015 रोजी ब्रिटनने चागोसभोवती जाहीर केलेले सागरी संरक्षित क्षेत्र कराराचा भंग करणारे ठरवले, पण सार्वभौमत्वाच्या प्रश्नावर आपल्याला अधिकार नाही असे बहुमताने म्हटले. वकिलाला येथे दार बंद झालेले दिसते. मग काम महासभेत गेले. तेथे 22 जून 2017 रोजी 94 विरुद्ध 15 मतांनी, 65 देश तटस्थ असताना, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सल्लात्मक मत मागवण्याचा ठराव झाला. त्या 94 मतांतले प्रत्येक मत कोणीतरी कोणाच्या तरी कार्यालयात जाऊन मागितलेले होते. 3 सप्टेंबर 2018 रोजी हेगमध्ये आमच्या बाजूने पहिले बोलले ते माजी पंतप्रधान सर अनिरुद्ध जगन्नाथ. स्वतः बॅरिस्टर, आणि मॉरिशसच्या भवितव्यावरच्या 1965 च्या लंडन परिषदेला हजर असलेले. त्याच सुनावणीत चागोसमधल्या पेरोस बानोस बेटावर जन्मलेल्या लिझबी एलिझे यांचे निवेदन क्रिओल भाषेत, चित्रफितीवर ऐकवले गेले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जहाजात कसे घातले गेले आणि पोटातले मूल कसे गेले, हे त्यांनी काही मिनिटांत सांगितले. मी ते पाहत होतो. सहा वर्षे न्यायालयात काढूनही मला असे काही सुचले नसते. मी प्रतिज्ञापत्र केले असते. 25 फेब्रुवारी 2019 रोजी न्यायालयाने 13 विरुद्ध 1 मताने सांगितले की मॉरिशसचे निर्वसाहतीकरण कायदेशीररीत्या पूर्ण झालेले नाही.

आता काही मते, जी तुम्हाला पटली नाहीत तरी चालतील. परदेशातली महागडी एलएल.एम. हा परराष्ट्रसेवेचा जवळचा रस्ता आहे, असा समज आहे. तो खोटा आहे. पदवी असावी, पण त्यासाठी घर गहाण टाकू नये. मूट कोर्टने, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लुटुपुटुच्या खटल्यांनी, बोलण्याची भीती जाते हे खरे, मात्र त्यातून जिंकण्याची जी सवय लागते ती पुढे मोडायला दोन वर्षे जातात, कारण वाटाघाटीत समोरच्याला निरुत्तर करून काही मिळत नाही. त्याला त्याच्या राजधानीत दाखवता येईल असे काहीतरी द्यावे लागते. तीन महिन्यांत मुत्सद्देगिरी शिकवणारे ऑनलाइन वर्ग मी कोणालाही सुचवत नाही. त्याऐवजी महासभेचे जुने ठराव घ्या आणि एकाच विषयावरचे लागोपाठ दहा वर्षांचे ठराव शेजारी ठेवून कोणता शब्द कधी बदलला ते पाहा. ‘स्वागत करते’चे ‘नोंद घेते’ कोणत्या वर्षी झाले, ते का झाले असावे? ‘नोंद घेते’ हे शब्द तटस्थ आहेत, त्यांत पसंती नाही आणि नापसंतीही नाही, हे महासभेने 2001 मध्ये आपल्या 55/488 या निर्णयात स्वतःच सांगून ठेवले आहे. एवढी एक गोष्ट ठाऊक असलेला नवखा अधिकारीही बैठकीत उपयोगी पडतो.

मार्गदर्शकाबद्दल तर माझे मत आणखी कडक आहे. मोठ्या नावाचा माणूस शोधत फिरू नका. राजदूतांना तुम्हाला शिकवायला वेळ नसतो, आणि जे वेळ देतात त्यांच्यापैकी काहींना श्रोता हवा असतो. मला मौन कार्यपद्धती अखेर शिकवली ती दूतावासात वीस वर्षे नोंदवही सांभाळणाऱ्या बाईंनी. त्या शुक्रवारी मी परत आलो तेव्हा त्यांनी काही न बोलता एक जुनी वही काढली. तिच्यात प्रत्येक समितीची, प्रत्येक मौनाची मुदत तारीख-वेळेसह लिहिलेली होती आणि पुढे लाल शाईने त्या दिवशीची पोर्ट लुईसची वेळ. मला विचारले असतेत तर दाखवली असती, म्हणाल्या. मी विचारले नव्हते, कारण मी वकील होतो आणि त्या कारकून होत्या. माझ्या हातून झालेल्या सगळ्या चुकांत ही सर्वांत मोठी होती, असे मला आज वाटते.

इतके वाचून कोणी घाबरले असेल तर त्याला सांगतो की वकिली वाया जात नाही. मसुद्यातले चौकटी कंस, म्हणजे अजून वादात असलेले शब्द, पाहून इतरांना धडकी भरते, तेव्हा वकिलाला मात्र घरी आल्यासारखे वाटते. स्वल्पविराम कोठे पडल्याने ‘विकसनशील देश’ या शब्दांची व्याप्ती बदलते हे त्याला चटकन दिसते. सागरी कायद्याच्या वाटाघाटींत लहान बेटांच्या वकिलांनी हेच केले. माल्टाचे आर्विद पार्दो, रोमला कायद्याची पदवी घेतलेले, 1 नोव्हेंबर 1967 रोजी महासभेच्या पहिल्या समितीत बोलले आणि समुद्रतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा मानावा ही कल्पना त्यांनी जगापुढे ठेवली; माल्टाची लोकसंख्या तेव्हा तीन लाखांच्या आसपास होती. फिजीचे सत्य नंदन, लंडनला कायदा शिकलेले, त्याच वाटाघाटींत मसुद्यांचे काम करत करत पुढे आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाचे पहिले महासचिव झाले, 1996 ते 2008. द्वीपसमूह राष्ट्रांची संकल्पना 1973 मध्ये मसुद्याच्या रूपाने मांडणाऱ्या चार देशांत फिजी, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स यांच्याबरोबर मॉरिशसही होता. आज आमच्या बेटाभोवती आणि चागोसभोवती मिळून जो सुमारे 23 लाख चौरस किलोमीटरचा समुद्र आम्ही आपला म्हणतो, तो 200 सागरी मैलांच्या ज्या नियमावर उभा आहे, तो याच परिषदेत लिहिला गेला.

आणि त्यासाठी पदही लागतेच असे नाही. व्हानुआतूमध्ये दक्षिण प्रशांत विद्यापीठाच्या कायद्याच्या 27 विद्यार्थ्यांनी 2019 मध्ये हवामान बदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे न्यावा असे ठरवले, त्यांच्या सरकारने तो उचलून धरला, 29 मार्च 2023 रोजी महासभेने मतदानाशिवाय, सहमतीने ठराव केला आणि 23 जुलै 2025 रोजी न्यायालयाने एकमताने आपले मत दिले. ते विद्यार्थी तुमच्याच वयाचे होते. जिल्हा न्यायालयाच्या बाकावर तारखेची वाट पाहत बसल्यावर आपल्या हातून कधी काही होणार नाही असे ज्याला वाटते, त्याने ही घटना मनाशी धरावी. मला स्वतःला त्या बाकावर तसे पुष्कळदा वाटलेले आहे.

मात्र येण्यापूर्वी घरच्यांशी बोला. दर तीन-चार वर्षांनी शहर बदलते, मुलांच्या शाळा तुटतात, जोडीदाराची नोकरी बहुधा सुटते आणि आई-वडिलांच्या आजारपणात तुम्ही विमानतळावर असता. वकिलीत अशील तुमचे नाव घेऊन येतो. येथे तुमचे नाव कोठेही येत नाही. तुम्ही लिहिलेले भाषण दुसरे कोणी वाचते आणि ते उत्तम झाले तर अभिनंदन त्याचे होते. ज्याला हे सोसणार नाही त्याने खुशाल न्यायालयात राहावे. तेही तितकेच मानाचे काम आहे.

मी आता पोर्ट लुईसला आहे, त्या ईमेलच्या दुसऱ्या टोकाला. सत्र सुरू असते त्या दिवसांत फोन उशाशी ठेवून झोपतो आणि न्यूयॉर्कला नवीन गेलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगतो की मुदत जवळ आली असेल तर घड्याळ न पाहता मला उठवा. गेल्या हंगामात एका मुलीने पहाटे पावणेतीनला फोन केला, दहा वेळा क्षमा मागितली आणि मग मसुद्यातले एक वाक्य वाचून दाखवले. मी अंथरुणात उठून बसलो, वाक्य पुन्हा वाचायला सांगितले आणि म्हटले, मौन तोडा, आत्ता, मग झोपा. तिचा ईमेल पाच मिनिटांत गेला. मुदत संपायला अजून पंधरा तास होते.